बादफेरीची आशा व मुंबई सिटी संघाची हकीकत

फुटबॉलचा हंगाम उतरणीस लागला म्हणजे मधल्या सुट्टींत मुलांच्या तोंडून एक प्रश्न हटकून ऐकूं येतो: “मुंबई बादफेरींत जाणार कीं नाहीं?” कोणी बोटांवर गुण मोजीत असतो, कोणी दुसऱ्याच दोन संघांच्या सामन्याचा निकाल आपल्या सोयीचा लागावा म्हणून श्वास रोखून बसलेला असतो. हाच प्रश्न घरीं गेला म्हणजे वडील मंडळी बहुधा उलट विचारतात, “ही बादफेरी म्हणजे तरी काय? आणि संघ जर मुंबईचा, तर तो विकत कसा घेतां येतो?” मुलांचा प्रश्न गणिताचा आहे व वडिलांचा व्यवहाराचा. दोन्ही रास्त आहेत, आणि दोहोंचीं उत्तरें एकमेकांत गुंतलेलीं आहेत. मुंबई सिटी फुटबॉल क्लब या संघाच्या हकीकतीवरून तीं उलगडून दाखविण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम थोडा मागील इतिहास पाहूं. मुंबईस फुटबॉल नवा नाहीं. रोव्हर्स चषकाची स्पर्धा येथें १८९१ सालीं सुरू झाली. आरंभीं पुष्कळ वर्षें तींत गोऱ्या पलटणींचें वर्चस्व होतें. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो चषक जिंकला. हिंदी संघानें तो मिळविण्याची ती पहिलीच वेळ होय. स्वातंत्र्यानंतर कूपरेजच्या मैदानावर रेल्वे, बँका, विमान कंपनी व कारखाने यांचे संघ खेळत असत. खेळाडू त्या त्या ठिकाणीं नोकरीस असे, आणि खेळ ही त्याच्या नोकरीचीच एक बाजू असे. या संघांपैकीं महिंद्र युनायटेड हा विशेष नांवारूपास आला. १९६२ सालीं स्थापन झालेल्या या संघानें २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. तरीही २०१० सालीं मालकांनीं तो बंद केला. २००७ सालीं निघालेला मुंबई एफ्. सी. हा दुसरा संघ दहा वर्षें टिकला. खलिद जमील हे अनेक वर्षें त्याचे मार्गदर्शक होते. तेच पुढें २०२५ च्या ऑगस्टमध्यें भारताच्या राष्ट्रीय संघाचे मार्गदर्शक झाले. परंतु २०१७ सालीं हा संघ राष्ट्रीय लीगच्या तळाशीं जाऊन खालच्या श्रेणींत उतरला, आणि तेथून तो वर आला नाहीं. रोव्हर्सची स्पर्धाही त्यापूर्वींच, या शतकाच्या आरंभीं, थांबली होती. संघ चांगला खेळला म्हणजे तो जगतोच असें नाहीं, ही पहिली गोष्ट वाचकांनीं येथें ध्यानांत धरावी.

अशा स्थितींत २०१४ सालीं इंडियन सुपर लीग ही नवी स्पर्धा निघाली. तिची घडण अगदीं निराळी होती. जुने क्लब आधीं जन्मास येत व मग स्पर्धेंत उतरत. येथें स्पर्धा आधीं ठरली व संघ मागाहून निर्माण झाले. चालकांनीं आठ ठिकाणें निवडलीं, आणि प्रत्येक ठिकाणीं संघ चालविण्याचा हक्क मोबदला घेऊन मालकांस दिला. याच हक्कास फ्रँचायझी असें म्हणतात. एस्. टी. स्थानकांतील उपाहारगृह चालविण्याचा ठेका एखाद्यास मिळावा, तसाच हा प्रकार आहे. स्थानक त्याचें नसतें, प्रवासी त्याचे नसतात. त्यास मिळतो तो तेथें व्यवहार करण्याचा हक्क, आणि तोही करारांतील अटींनीं बांधलेला. मुंबईचा हक्क चित्रपट-अभिनेते रणबीर कपूर व सनदी हिशेबनीस बिमल पारेख यांनीं घेतला. वडील मंडळींच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें मिळतें: विकला जातो तो हक्क, शहर विकलें जात नाहीं.

या पद्धतींत एक सोय आहे व एक धोका आहे. सोय ही कीं पैसा लवकर उभा राहतो, मैदानें सुधारतात, परदेशचे नामांकित खेळाडू येतात. धोका हा कीं ठेका सोडतां येतो, आणि हलवितांही येतो. आपल्या पुण्याचेंच उदाहरण घ्या. एफ्. सी. पुणे सिटी हा संघ २०१९ सालीं बंद पडला व त्याची जागा हैदराबादेस गेली. पुढें २०२५ सालीं हैदराबादचा तो संघ दिल्लीस गेला. मूळचा दिल्लीचा संघ तर २०१९ सालींच भुवनेश्वरास जाऊन ओडिशा एफ्. सी. झाला होता. अमेरिकेंत ही रीति फार जुनी आहे. तेथील फुटबॉल निराळा; त्यांत चेंडू हातीं धरून धांवतात; पण फ्रँचायझीचा व्यवहार तोच. ओकलंड शहराचा रेडर्स हा संघ २०२० सालीं लास व्हेगस येथें गेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासाठीं ओरडणारे लोक मागें राहिले. इंग्लंडांत याच्या उलट आहे. तेथें प्रीमियर लीगमधील तळचे तीन संघ दरवर्षीं खालच्या श्रेणींत उतरतात व खालचे तीन वर चढतात. क्लब बुडाला तरी गांव सोडून जाणें हें तेथें लोकांस फार लागतें.

मुंबई सिटीचें पहिलें घर आपल्या पनवेलच्या वाटेवरच होतें. पनवेलहून निघालेली हार्बर मार्गाची गाडी खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर व सीवूड्स हीं स्थानकें मागें टाकून नेरूळला येते, तेथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर संघानें आपले पहिले दोन हंगाम घरचे सामने खेळले. लीगचा अगदीं पहिला सामना १२ ऑक्टोबर २०१४ रोजीं कोलकात्यास झाला, व त्यांत मुंबई ०-३ अशी हरली. परंतु सहा दिवसांनीं नेरूळला पुण्याच्या संघाविरुद्ध तिनें ५-० असा विजय मिळविला. ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झ यानें त्या दिवशीं तीन गोल केले. त्या लीगमधील ती पहिलीच हॅटट्रिक होती. पुढच्या वर्षीं, २०१५ सालीं, याच मैदानावर सुनील छेत्री यानें ईशान्येच्या संघाविरुद्ध तीन गोल केले, आणि असें करणारा तो पहिला भारतीय ठरला. २०१६ पासून संघ अंधेरीच्या मुंबई फुटबॉल ॲरिनांत खेळूं लागला. आम्हां पनवेलकरांस तें मैदान दूर पडलें. पण मुलांची आस्था अंतरानें कमी झाल्याचें आम्हांस दिसलें नाहीं.

आतां मुलांच्या प्रश्नाकडे वळूं. स्पर्धेचे दोन भाग असतात. पहिल्यांत प्रत्येक संघ इतर सर्वांशीं खेळतो. हे साखळी सामने होत. विजयास ३ गुण, बरोबरीस १, पराभवास शून्य. या भागाच्या शेवटीं गुणांप्रमाणें क्रम लागतो, व वरचे कांहीं संघच दुसऱ्या भागांत जातात. या दुसऱ्या भागांत हरला तो बाद, म्हणून तिचें नांव बादफेरी. पूर्वीं वरचे चारच संघ तींत जात. २०२२-२३ पासून सहा संघ जाऊं लागले: पहिले दोन थेट उपांत्य फेरींत, आणि तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या चौघांनीं आपसांत एकेक सामना खेळून उरलेल्या दोन जागा मिळवावयाच्या.

आशा आहे कीं नाहीं हें ठरविण्यास वर्तमानपत्राची वाट पाहण्याचें कारण नाहीं, कागद-पेन्सिल पुरे. उरलेल्या सामन्यांस तिनानें गुणावें व तो गुणाकार हातच्या गुणांत मिळवावा. समजा, एका संघाचे २० सामन्यांत २७ गुण झाले असून त्याचे ४ सामने उरले आहेत. त्याचे गुण फार झाले तर २७ अधिक १२, म्हणजे ३९ होतील. सहाव्या स्थानावरील संघाचे आजच ४० गुण असले, तर या संघाची आशा संपली, मग तो पुढें कसाही खेळो. सहाव्याचे ३४ असले, तर आशा आहे. परंतु ती आतां केवळ आपल्या हातीं राहिली नाहीं, कारण सहाव्यानेंही हरावयास पाहिजे. आणि आपलेच सामने जिंकून जागा निश्चित होत असेल, तर आशा पूर्णपणें आपल्या हातीं आहे. आशेचे असे तीन प्रकार असतात: स्वाधीन, पराधीन व सरलेली. हंगामाच्या आरंभीं सर्वांची आशा स्वाधीनच असते. आरंभीं निष्काळजीपणें घालविलेला एकेक गुण ती हळूहळू पराधीन करीत जातो, आणि शेवटच्या आठवड्यांत मग दुसऱ्याच्या पराभवाची प्रार्थना करावी लागते.

मुंबईनें या आशेचीं सर्व रूपें पाहिलीं आहेत. आठ संघांत २०१४ सालीं ती सातवी व २०१५ सालीं सहावी आली. २०१६ सालीं मात्र २३ गुण मिळवून पहिली आली. पण उपांत्य फेरींत ॲटलेटिको डी कोलकाताकडून दोन सामन्यांची बेरीज ३-२ अशी होऊन ती बाद झाली. त्या काळीं साखळींत पहिलें येणाऱ्यास निराळें पारितोषिक नव्हतें, म्हणून वर्षभराच्या श्रमांची निशाणी म्हणून हातीं कांहींच लागलें नाहीं. २०१७-१८ सालीं ती पुनः सातवी. २०१८-१९ सालीं तिसरी येऊन ती बादफेरींत गेली. परंतु गोव्याच्या संघानें पहिल्याच सामन्यांत ५-१ असें हरविल्यावर दुसऱ्यांतील १-० हा विजय व्यर्थ गेला. २०१९-२० व २०२१-२२ या दोन हंगामांत ती पांचवी आली, म्हणजे दोन्ही वेळां उंबरठ्यावरून परतली. सहा संघांचा नियम तेव्हां असता, तर दोन्ही वेळां प्रवेश मिळाला असता! नियम पुढें बदलला, पण मागील वर्षांस त्याचा लाभ मिळत नाहीं.

२०१९-२० पासून साखळींत पहिलें येणाऱ्यास ढाल देण्याची प्रथा सुरू झाली. तेव्हांपासून या लीगमध्यें दोन मान आहेत: साखळीची ढाल व बादफेरीचा करंडक. विद्यार्थ्यांस हें चटकन समजेल. ढाल ही वर्षभराच्या घटक चांचण्यांची बेरीज आहे, आणि करंडक ही वार्षिक परीक्षा आहे. वर्षभर नेटानें अभ्यास करणारा मुलगा परीक्षेच्या दिवशीं गडबडतो, आणि कधीं मधला मुलगा त्या दिवशीं चमकतो. दोहोंपैकीं खरी परीक्षा कोणती, हा वाद शिक्षकांच्या खोलींतही मिटलेला नाहीं. मग मैदानावर तो कसा मिटावा?

२०२०-२१ सालीं मुंबईनें दोन्ही मान मिळविले. साथीमुळें तो सबंध हंगाम गोव्यांत, प्रेक्षकांवांचून खेळला गेला. २८ फेब्रुवारी २०२१ रोजीं साखळीचा शेवटचा सामना एटीके मोहन बागानशीं होता. त्यांचे ४० गुण होते व मुंबईचे ३७. मुंबई २-० अशी जिंकली व दोघांचे गुण सारखे झाले. परंतु परस्परांतील दोन्ही सामने मुंबईनें जिंकले असल्यामुळें ढाल तिला मिळाली. १३ मार्च रोजीं फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामन्यांत तेच दोन संघ पुनः भेटले. १-१ अशी बरोबरी असतां ९० व्या मिनिटास बिपिन सिंग यानें गोल केला, आणि करंडकही आला. २०२२-२३ सालीं संघ पहिले १८ सामने एकदांही न हरतां ४६ गुणांनीं पहिला आला व ढाल मिळवून बसला. परंतु उपांत्य फेरींत बंगळूरुशीं बेरीज २-२ अशी झाली व पेनल्टींत ८-९ अशी हार झाली. एका पेनल्टीचा फरक, आणि करंडक गेला.

पुढील दोन वर्षांची कथा तर जोडीनें सांगण्यासारखी आहे. १५ एप्रिल २०२४ रोजीं कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर साखळीचा निर्णायक सामना झाला. मुंबईचे ४७ गुण होते, मोहन बागानचे ४५; नुसती बरोबरी झाली तरी ढाल मुंबईची होती. मुंबई १-२ अशी हरली व ढाल कोलकात्यांत राहिली. उपांत्य फेरींत गोव्याशीं पहिल्या सामन्यांत ९० व्या मिनिटापर्यंत ती ०-२ अशी मागें होती. तेथून शेवटच्या कांहीं मिनिटांत छांगटे यानें दोन व विक्रम प्रताप सिंग यानें एक असे तीन गोल करून सामना ३-२ असा जिंकला. ४ मे रोजीं त्याच सॉल्ट लेकवर, त्याच मोहन बागानविरुद्ध, अंतिम सामना ३-१ असा मुंबईनें जिंकला. कर्णधार होता मुंबईचाच राहुल भेके. याच भेकेनें २०२२ च्या एप्रिलमध्यें आशियाई चँपियन्स लीगमध्यें इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध विजयी गोल केला होता. त्या स्पर्धेंत भारतीय क्लबानें सामना जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या वर्षीं अगदीं उलटें घडलें. २०२४-२५ सालीं बादफेरीच्या शेवटच्या जागेसाठीं मुंबई व ओडिशा यांच्यांत चुरस होती. ११ मार्च २०२५ रोजीं बंगळूरुच्या कांतीरव मैदानावर मुंबई २-० अशी जिंकली, तिचे ३६ गुण झाले, आणि ३३ गुणांचा ओडिशाचा संघ बाहेर राहिला. म्हणजे तीन गुणांवर एकाची आशा फळली व दुसऱ्याची विझली. पण अठराच दिवसांनीं, २९ मार्च रोजीं, त्याच मैदानावर, त्याच बंगळूरुनें बादफेरीच्या पहिल्याच सामन्यांत मुंबईस ०-५ असें हरविलें. त्या पांच गोलांतील एक सुनील छेत्रीचा होता, जो एके काळीं मुंबईसाठीं खेळला होता. आणि एक पेरेरा डियाझचा, ज्यानें आदल्या वर्षींच्या अंतिम सामन्यांत मुंबईकडूनच गोल केला होता. खेळाडू येतात व जातात. हाही त्याच कराराच्या व्यवहाराचा भाग आहे.

येथें मालकीची गोष्ट पुनः पुढें येते. २०१९ च्या नोव्हेंबरांत या संघाचा ६५ टक्के हिस्सा इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपनें घेतला होता. वर सांगितलेल्या दोन्ही ढाली व दोन्ही करंडक त्याच्याच काळांत आले. परंतु २०२५ सालीं लीगवरच संकट ओढवलें. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ व लीगचे व्यापारी चालक यांच्यांतील, २०१० सालीं झालेला पंधरा वर्षांचा करार २०२५ च्या डिसेंबरांत संपत होता, आणि तो पुढें चालूं ठेवण्याविषयीं एकमत होईना. नेहमींप्रमाणें सप्टेंबरच्या सुमारास सुरू व्हावयाचा हंगाम सुरूच झाला नाहीं. डिसेंबरच्या अखेरीस त्या परदेशी समूहानें आपला सर्व हिस्सा सोडला, व संघ पुनः मूळ मालकांच्या हातीं आला. शेवटीं जानेवारी २०२६ मध्यें केंद्रीय क्रीडामंत्र्यांनीं मार्ग निघाल्याचें जाहीर केलें, आणि १४ फेब्रुवारीपासून चौदा संघांचा आखूड हंगाम ठरला. प्रत्येकानें प्रत्येकाशीं एकदांच खेळावयाचें, एकूण ९१ सामने. बादफेरी त्या आखणींत नव्हती.

येथें मुलांचा प्रश्न व वडिलांचा प्रश्न एक होतात. बादफेरीची आशा गुणांवर अवलंबून असते हें खरें. परंतु मुळांत स्पर्धा असावी, संघ असावा, त्याचा खर्च कोणीं तरी करावा, हें सारें गृहीत धरूनच आपण गुण मोजीत बसतों. २०२५ च्या पावसाळ्यानंतर अनेक महिने मोजावयास गुणच नव्हते. महिंद्र युनायटेड विजेता असूनही थांबला. पुण्याचा संघ दुसऱ्या प्रांतांत गेला. आणि चार मान मिळवूनही मुंबई सिटीस आपला मोठा आश्रयदाता गमवावा लागला. मालक वाईट होते असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याचा पैसा, त्याचा हिशेब. परंतु ज्या संघामागें केवळ मालक असतो, त्याचें आयुष्य मालकाच्या उत्साहाएवढें; आणि ज्यामागें गांव असतें, त्याचें आयुष्य गांवाएवढें. कोलकात्याचा मोहन बागान १८८९ सालीं स्थापन झाला. त्याची व्यवस्था व मालकी कितीदां तरी बदलली, आणि तरी तो आहे, कारण तेथें नातवास आजोबा आपल्याबरोबर मैदानावर घेऊन जातात.

तेव्हां आमची सूचना अगदीं साधी आहे. मुलांनीं गुणांचा तक्ता वहींत आंखावा, उरलेल्या सामन्यांचा गुणाकार स्वतः करावा, आणि आपल्या संघाची आशा स्वाधीन आहे, पराधीन आहे कीं सरली आहे, हें दर आठवड्यास ठरवावें. गणिताचा असा सराव पाठ्यपुस्तकांत मिळणार नाहीं. पालकांनीं वर्षांतून एक सामना तरी मुलांस मैदानावर नेऊन दाखवावा, आणि संघ हरत असतांही शेवटच्या शिटीपर्यंत जागा सोडूं नये. गोव्याविरुद्ध ९० व्या मिनिटास उठून गेलेल्यांनीं काय गमावलें, हें वर आलेंच आहे.